चुकलास तिथे बोट ठेव

उधना, ७ ऑक्टोबर

ललितभाऊ,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंयस. म्हणून कागदावर लिहिते आहे. हे पत्र डब्याच्या तळाशी आहे आणि वर आईच्या हातच्या सांजोऱ्या. सांजोऱ्या खाल्ल्याशिवाय तुला पत्र सापडणार नाही आणि खाल्ल्यावर तू एवढा रागात राहणार नाहीस, असा माझा हिशेब आहे. आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, तिच्या लाडक्यासाठी अमळनेरच्या ट्रॅव्हल्समध्ये नुसता खाऊ चाललाय.

सरळ मुद्द्यावर येते. गेल्या फेब्रुवारीत मांडवीच्या पुढच्या टेकडीवर, आपण ज्याला 'सासू' म्हणतो त्या उतारावर, तू सायकलवरून पडलास. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली. त्याचं मला किती वाईट वाटलं ते मी दवाखान्याच्या बाकावर सगळ्यांसमोर रडून दाखवलंय, परत दाखवणार नाही. पण शुद्धीवर आल्यावर तू आईला पहिलं काय सांगितलंस? "हर्षदानं मागून हाक मारली, साइड दे म्हणाली, म्हणून माझं लक्ष गेलं."

भाऊ, मी हाक मारली नव्हती.

त्या दिवशी मी काही बोलले नाही, कारण तुला ग्लुकोज चालू होतं. नंतर तू दगामामाच्या दुकानात जळालेल्या मोटारींच्या तारा गुंडाळायला अमळनेरला निघून गेलास आणि माझ्यावर ते वाक्य टाकून गेलास. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजी जास्त झाली तर ताटात वाढते, पण घे म्हणत नाही. कारखान्यातून यायला उशीर झाला तर कुठे होतीस विचारत नाही. हे सगळ्यात वाईट आहे, तुला सांगते.

तूच केलेला नियम तुलाच सांगायची वेळ आली, म्हणून सांगते. आप्पा लूमवर होते तेव्हा घडीच्या टेबलावर कापड तपासताना ताक्यात दोष निघाला की मुकादम कारागिराला बोलवायचा. बाकीचे म्हणायचे, मशीन जुनं आहे, धागा कच्चा आहे. आप्पा कापड मागे मागे सरकवत न्यायचे आणि रेघ दिसते तिथे नाही, तर त्याच्या आधी जिथे धागा सैल पडला तिथे बोट ठेवायचे. मग म्हणायचे, इथे मी पाहिलं नाही. घरी आपण खोटं बोललो की आपल्यालाही तेच, "बोट ठेव, मंग बोल."

तू ते टेकडीवर आणलंस. जो पडेल त्याने उठून वर चालत जायचं आणि जिथे पडला तिथे नाही, जिथे चुकला तिथे मातीवर बोट ठेवायचं. दगडाचं नाव घ्यायचं नाही, ब्रेकचं नाही, दुसऱ्या कुणाचं तर नाहीच. काय केलं आणि का केलं, दोन्ही सांगायचं. तोवर कुणी हसायचं नाही, आणि तोवर त्या उतारावर कुणी सायकल घालायची नाही. कुंदन पहिल्यांदा काटेरी झुडपात गेला होता तेव्हा ढुंगणात काटे असताना तू त्याला वर चालत नेलं होतंस. आठवतंय?

सासूवर तुझं बोट राहिलंय. तेव्हापासून तो उतार बंद आहे.

मला माफी नको. तू येऊन बोट ठेव आणि तुझ्या तोंडाने सांग. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय, आणि आईलाही.

मी पण तेव्हापासून सायकलला हात लावलेला नाही. आई तशी सुखी आहे.

हर्षदा


उधना, ४ नोव्हेंबर

भाऊ,

डबा परत आला. रिकामा. धुऊन, पुसून, रिकामा. आपल्याकडे कुणी शेजारणीचीसुद्धा वाटी रिकामी परत करत नाही, निदान साखरेची चिमूट टाकतात. आईने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावून टाकलं. तुला मला चिडवायचं होतं, लागलं मात्र तिला.

काल भाऊबीज झाली. तू येशील म्हणून आईने पाट मांडला होता. दुपारपर्यंत तो तसाच. मग आई म्हणाली, चंद्र निघाला की चंद्राला ओवाळ, ज्यांना भाऊ नसतो त्या तसंच करतात. मी म्हटलं, मला भाऊ आहे, अमळनेरला बसलाय, त्याला धाड भरलेली नाही. आरतीचं ताट मी तसंच देव्हाऱ्यात ठेवून दिलं. ते अजून तिथेच आहे. तू आलास की ओवाळीन, तेल बदलून.

आता एक सांगायचंय. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सायकलला हात लावला नाही म्हटलं, ते लिहिताना माझ्या कोपरावर खपली होती. मी दसऱ्याच्या आधीपासून जाते आहे. आणि माझ्या सायकलवर नाही, तुझ्या. आईने ती भंगारात द्यायला सांगितली होती, आप्पांनी ती जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवली. पुढचा फोर्क वाकलेला होता तो चेतनने बदलून घेतला. सीट खाली केलीय, तुझ्याएवढी उंच मी नाही. पाय रोवायला मला ही सायकल जास्त बरी वाटते. चिडलास? चीड.

चेतन, कुंदन आणि मी, असे आम्ही तिघंच उरलोय. चेतन अजून चलथाणच्या साखर कारखान्यात लॅबला आहे, आता ऊस सुरू होईल आणि त्याच्या शिफ्टप्रमाणे आमचा रविवार ठरेल. तो टेंपो घेऊन चलथाण फाट्यावर थांबतो, आम्ही सायकली चढवतो. एक नवी मुलगी आलीय, प्रिया, कुंदनच्या पर्वत पाटियाच्या साडीच्या दुकानासमोर तिच्या वडिलांचं लेसचं दुकान. कॉलेजात आहे. गुजराती बोलते, भरपूर बोलते, आणि घाबरत नाही. त्याचीच मला भीती वाटते.

जानेवारीच्या शेवटी डांगात शर्यत आहे. चेतन म्हणाला, सासूवर सराव केल्याशिवाय तिथे जाऊन काही होणार नाही, आपल्याकडे दुसरा तसा उतार नाही. मी म्हटलं, मग खोला सासू. कुंदन पार्सलच्या गाठी बांधतो तसा चेहरा करून म्हणाला, "बेन, नियम एटले नियम. जेनो पग, एनी आंगळी." ज्याचा पाय त्याचंच बोट. आपलं कुणी ऐकत नाही आणि याने तुझा नियम देवासारखा धरून ठेवलाय.

मी म्हटलं, तो येणार नसेल तर? कुंदन म्हणाला, तर कुठे चुकतं ते तू शोध. पण तू शोधशील ते तुझं असेल, त्याचं नाही.

मला हे पटलं. म्हणून मी ठरवलंय. शर्यतीच्या आधी सासू मी उतरणार, वरपासून खालपर्यंत, पाय न टेकता. आणि तुला आधी सांगून उतरणार.

डब्यात करंज्या आहेत. डबा रिकामा पाठवू नकोस, आईसाठी तरी.

हर्षदा


उधना, २५ नोव्हेंबर

भाऊ,

डब्यात हिरवी वांगी आली. म्हणजे मामीने भरली, तू नाही, मला कळतं. तरी आईने त्यातली दोन भाजून भरीत केलं आणि पोरानं पाठवली म्हणून शेजारी वाटीभर नेऊन दिलं.

सासू आम्ही खालून शिकायला घेतली. वळणाच्या खाली तू चुकला नव्हतास, म्हणून तेवढ्याला कुंदनने हो म्हटलं. तू आम्हाला कायम वरून ढकलायचास आणि म्हणायचास, जा, बघून घे. चेतनचं म्हणणं वेगळं. आधी शेवटचा तुकडा, मोहाच्या झाडापासून ओढ्यापर्यंत. तो पक्का झाला की त्याच्या वरचा. म्हणजे घसरलो तरी खाली ओळखीची जमीन येते. मला आधी हे भित्रेपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

तरी पडले. ओढ्याच्या आधी जो चपटा दगड आहे ना, त्याच्यावर पुढचं चाक चढलं आणि मी हँडलवरून पुढे गेले. हेल्मेट वाजलं, तोंडात माती, नाक शाबूत. उठून मला पहिलं काय वाटलं सांगू? की दगड आडवा आला. मग कुंदन माझ्याकडे बघत उभा होता, हात पाठीमागे घेऊन, अगदी घडीच्या टेबलावरच्या मुकादमासारखा, म्हणून वर चालत गेले.

बोट कुठे ठेवलं माहीत आहे? दगडापाशी नाही. त्याच्या बऱ्याच वर, जिथून मला तो दगड पहिल्यांदा दिसला तिथे. मी म्हटलं, इथून मी दगडाकडे बघत राहिले. का? तर तो चुकवायचा होता म्हणून. ज्याच्याकडे बघत राहते तिथेच जाते मी. दगडाच्या बाजूला हातभर वाट होती, ती मी पाहिलीच नाही. दुसऱ्या वेळी वाटेकडे पाहिलं आणि दगड कधी गेला कळलंसुद्धा नाही.

चहा मला मिळाला पहिला. पडलेल्याला पहिला कप, तो नियम पण आम्ही पाळतो. प्रियाला तो इतका आवडलाय की ती म्हणते, हूं पण पडीश, मी पण पडणार.

घरी आल्यावर मात्र पकडले गेले. ओठ सुजला होता आणि बेसिनमध्ये लाल माती. आईने पाहिलं. साडीला टिकल्या लावत बसली होती ती, हातातला डिंकाचा ब्रश तसाच धरून म्हणाली, "एक पोऱ्या लंगडा व्हयना, आते पोर बी निंघनी." एवढंच. मग माझ्याकडे पाठ केली. मी रागाने म्हटलं, त्याला लंगडं मी केलेलं नाही. ती म्हणाली, मग त्याने खोटं सांगितलं का? मी काय उत्तर द्यावं, सांग ना तू. हो म्हटलं तर तुझ्या आईला तिचा पोरगा खोटारडा म्हणायचं, नाही म्हटलं तर मी तुझा पाय मोडलेला. आप्पा बातम्यांचा आवाज वाढवून बसले होते.

मला तुझा खूप राग आहे भाऊ. लिहून टाकते, मनात ठेवून सायकल नीट चालत नाही.

मागचा ब्रेक किंचाळतोय. सुरतेत याचे पॅड दोन दुकानांत विचारले, मिळाले नाहीत. तोवर असाच.

हर्षदा


उधना, १६ डिसेंबर

भाऊ,

डबा उघडला तर आत गव्हाच्या कुरडया, आणि कुरडयांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रेक पॅड.

चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. पण हे मामी पाठवणार नाही. तिला सायकलचा ब्रेक आणि मिक्सरची पाती यात फरक कळत नसणार. हे मागवून घ्यावे लागतात, आणि साइज बरोबर आहे. म्हणजे तू पत्रं वाचतोस. शेवटपर्यंत वाचतोस, कारण ब्रेकचं मी अगदी खाली लिहिलं होतं.

मी ते बसवले. जिन्याखाली बसून, आप्पा टॉर्च धरून उभे. तू लहानपणी मला धरायला लावायचास तसे. मी विचारलं, आप्पा, तुम्हाला काय वाटतं, मी हाक मारली असेल? ते म्हणाले, "मी तिथं नव्हतो. जिथं मी नव्हतो तिथं बोट कसं ठेवू?" मग टॉर्च जरा माझ्याजवळ आणला. मला त्यांच्याकडून एवढंही चालेल.

मधला तुकडा आता येतो. त्यातही एकदा आपटले, डाव्या कुशीवर, अजून निळं आहे. बोट ठेवलं ते असं, की मी हात ताठ केले होते. भीती वाटली की मी हँडल आवळते आणि हात काठीसारखे होतात, मग जमिनीचा प्रत्येक धक्का थेट खांद्यात. चेतन म्हणाला, कोपर बाहेर काढ, ढुंगण सीटच्या मागे, आणि श्वास सोड. श्वास सोड हे मी आधी चेष्टेवारी नेलं. पण खरंच मी अख्खा उतार श्वास धरूनच उतरत होते. आता मोठ्याने मोजत उतरते. प्रियाला वाटतं मी मंत्र म्हणते.

कारखान्यात मी एम्ब्रॉयडरीचं डिझाइन पंच करते तेव्हा सुई चुकीच्या जागी गेली तर मागे जाऊन तो एकच टाका बदलते. सगळं डिझाइन कुणी फेकून देत नाही. तू एका पडण्यावर सगळं फेकून दिलंस, आम्हाला पण. हे मला समजत नाही. पाय बरा होत नाही म्हणून असेल तर तसं सांग. मामी फोनवर म्हणाली की गुडघा अजून पूर्ण वाकत नाही आणि तू व्यायाम करायचं सोडलंस. का सोडलंस?

राहिला आता वरचा तुकडा. टोकापासून ते डाव्या वळणापर्यंत. तू तिथेच पडलास. कुंदन अजून तिथे सायकल घालू देत नाही. मी चालत जाऊन पाहून आले. पावसाने माती वाहून गेलीय, पण वळण तेच आहे. उभी राहिले तर मला काही दिसलं नाही, नुसतं वळण. चालून कळणार नाही ते.

कुंदनला सांगून ठेवलंय, पुढच्या महिन्यात मी तिथून जाणार. नियम मोडते आहे हे मला माहीत आहे, आणि ते मी उघड मोडणार. तो म्हणाला, भले. पण मी टाळ्या वाजवणार नाही.

पॅडसाठी थँक्यू म्हणणार नाही, कारण तू पाठवलेच नाहीत ना.

हर्षदा


उधना, ६ जानेवारी

भाऊ,

काल गेले. आणि पडले. त्याच वळणावर.

काही मोडलेलं नाही, हे आधी सांगते. उजव्या मनगटाला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं. डॉक्टर म्हणाले मुरगळलंय, आठवडाभर जपा. आईला सांगितलं, मशीनच्या पट्ट्यात हात गेला. तिचा विश्वास बसला नाही, पण तिने हळद गरम करून लावली. 

कसं झालं ते ऐक. मी पुढे होते, प्रिया मागे. तिला मी टोकावर थांब म्हटलं होतं. ती थांबली नाही. मी निम्म्यात आल्यावर मागे खडखड ऐकू आली आणि ती ओरडली, "दीदी, हूं आवुं छुं," मी येतेय म्हणून. भाऊ, तिने हाक मारली, खरीखुरी. आणि मी हाकेने पडले नाही. हाक कानावर आली तेव्हा सायकल सरळ चालली होती. मी पडले नंतर.

पडल्यावर कुंदन धावत आला. पाणी दिलं, मनगट पाहिलं, आणि मग हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. मी वर चालत गेले. वळणाच्या आधी, जिथे करवंदाची जाळी आहे, तिथे वाकले आणि बोट ठेवलं. मी म्हटलं, इथे मी मागे वळून पाहिलं. का? तर ती पोरगी लहान आहे, तिला येत नाही, पडेल की काय, म्हणून. मान फिरली की खांदा फिरतो, खांदा फिरला की हँडल फिरतं. तिथे एवढीही जागा नाही. तिला वाचवायला म्हणून पाहिलं आणि आडवी मीच झाले, ती मला वळसा घालून खाली जाऊन उभी राहिली, ठणठणीत.

बोट मातीत होतं आणि मला एकदम रडू आलं. प्रियाला वाटलं मनगट दुखतंय.

भाऊ, तुझं काय झालं असेल ते मला कळलं असं वाटतं. त्या दिवशी तू पुढे होतास आणि मी मागे. पण मी ते बोलणार नाही. कुंदन म्हणतो तसं, मी शोधलं ते माझं. तुझं तूच ठेवायचंस. एवढं सांगते की तुझ्यावरचा माझा अर्धा राग काल त्या जाळीपाशी गेला. उरलेला अर्धा तू आईला खोटं सांगितलंस त्याचा आहे, तो तसाच आहे.

एकोणीस तारखेला, रविवारी, मी पुन्हा जाणार, टोकापासून ओढ्यापर्यंत. तोवर मनगट बरं होईल. तू आलास तर आधी तुझं बोट आणि मग माझी सायकल. नाही आलास तर मी तशीच जाईन, आणि त्यानंतर तो उतार माझा. मग सासूवर तुझं काही राहिलं असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पत्रं पण बंद. डबा आई पाठवेल, त्यात नुसता खाऊ असेल.

येताना उतरायणाच्या आसपास बाइकवर बसू नकोस. मांज्याने इकडे आत्तापासून लोकांचे गळे कापायला सुरुवात केलीय.

हर्षदा


उधना, २० जानेवारी

भाऊ,

काल संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने तू गेलास आणि मला तुझ्याशी धड बोलता आलं नाही. आजूबाजूला सगळे होते. म्हणून परत कागद. फोन करता आला असता, आता तू उचलशील. पण मला याची सवय झाली.

टोकावर हेल्मेटचा पट्टा लावत होते तेव्हा कुंदन म्हणाला, जरा थांब. खाली वळणावर दोन माणसं दिसली. एक आप्पा, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. आणि एक काठी घेतलेला. मला वाटलं होतं तू येणार नाहीस. खरं सांगते, येणार नाहीस असंच धरून मी झोपले होते. आप्पांनी चेतनला गाठून टेंपो ठरवला, तुला स्टँडवरून घेतलं, आणि घरात कुणाला पत्ता नाही. आप्पा एवढे पोचलेले असतील असं मला माहीत नव्हतं.

मी सायकल टाकून चालत खाली आले. तुला वाकता येईना. गुडघा वाकत नाही म्हणून तू काठी आप्पांकडे दिलीस आणि सरळ पाय पुढे टाकून मातीत बसलास, पांढरी पॅन्ट घालून. टेकडीवर पांढरी पॅन्ट कोण घालतं, भाऊ? मग बसल्या बसल्या मागे सरकलास, सरकलास, करवंदाच्या जाळीपर्यंत. आणि बोट ठेवलंस. माझं होतं त्याच्या वीतभर वर.

"हर्षदानं हाक मारली नव्हती," तू म्हणालास. "मी मागे पाहिलं."

मला वाटलं झालं. मी डोळे पुसायला घेतलेच होते. पण चेतनने नियमाप्रमाणे विचारलं, का? आणि तू आप्पांकडे पाहिलंस, मग मातीकडे, आणि म्हणालास, "ती माझ्यापेक्षा जोरात येत होती. चाकांचा आवाज जवळ आला. ती पुढे निघेल म्हणून."

दोन आठवडे मी समजत होते की तुला माझी काळजी वाटली. त्यावर मी रडलेसुद्धा, मनगटाला पट्टी बांधून. आणि तू म्हणतोस, पुढे निघेल म्हणून. तेव्हा मला इतका राग आला की मी तिथून वर निघून गेले, तू पाहिलंस. तुला वाटलं असेल झालं, ही आता परत कधी बोलणार नाही.

मी वर जाताना विचार करत होते. पाचवी-सहावीपासून मी तुझ्या मागे सायकल चालवतेय. गल्लीत, कॅनाल रोडला, टेकडीवर. मला कधी वाटलंच नव्हतं की मी तुला मागे टाकू शकेन. तुला वाटलं होतं. ते ऐकायला मला वर्ष लागलं आणि तुला मांडीत सळई. काळजीपेक्षा मला हे उत्तर बरं वाटलं, भाऊ. अजून वाटतं.

मग मी उतरले. तू वळणाच्या कडेला बसलेला होतास, आप्पा उभे होते, कुंदन हात पाठीमागे न घेता उभा होता, हे मला नंतर प्रियाने सांगितलं. मी पाहिलं नाही. वाटेकडे पाहिलं, कोपरं बाहेर, मोजत. जाळी गेली, वळण गेलं, मोहाचं झाड, चपटा दगड, ओढा. पाय टेकला तो ओढ्याच्या पलीकडे. वरून टाळ्या ऐकू आल्या. कुंदनच्या पण होत्या.

घरी येऊन तू आईजवळ बसलास आणि तिला सांगितलंस. मी मुद्दाम गॅलरीत थांबले.  मग आईने तुला ताट वाढलं आणि मला हाक मारली, "हर्षदा, जेवी ले." देव्हाऱ्यातलं आरतीचं ताट तिनेच खाली काढलं, तेल बदललं. मी ओवाळलं तेव्हा तू ओवाळणी म्हणून खिशातून ब्रेक पॅडचा आणखी एक जोड काढलास, ते मी कुणाला सांगत नाही, हसतील.

आई मला काही म्हणालेली नाही. चुकलं वगैरे नाही, तिचा तो स्वभाव नाही. आज सकाळी उठले तर माझ्या नी-गार्डचा सुटलेला पट्टा शिवलेला होता, साडीच्या फॉलच्या बारीक टाक्यांनी. शर्यत रविवारी आहे. ती येणार नाही म्हणते, पण किती वाजता असते हे तिने दोनदा विचारलं.

गुडघ्याचा व्यायाम आजपासून सुरू कर. मामीला मी रोज विचारणार आहे. सायकल तुझी आहे, पाय वाकायला लागला की सीट वर करून देईन. माझी जुनी मी दुरुस्त करून घेते. मग सासूवर तू पुढे नीघ, मी मागून येते. आणि या वेळी मी खरंच हाक मारणार आहे.

साइड दे.

हर्षदा